चाळीस कुर्त्या, पण अंगावर त्याच पाच

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: नाशिकच्या पंचवटीतून अंबड एमआयडीसीत रोज स्कूटरने जाता, आठवड्याचे सहा दिवस अकाउंट्सचं काम, कपाटात चाळीसेक कुर्त्या. त्यातल्या पाचच फिरून फिरून घातल्या जातात, तरी रोज सकाळी वीस मिनिटं कपाटासमोर जातात. बाकीच्या देऊन टाकून मोजकेच कपडे ठेवावेत का, महिन्यातून एकदा मुंबईच्या ऑफिसला जाताना काय घालावं, आणि पडून राहिलेल्या साड्यांचं काय करावं, हेही त्यात आहे.

मी लेडीज टेलरिंग आणि आल्टरेशनचं काम करते, त्यामुळे शिलाईच्या बाजूने उत्तर देते. तुम्हाला वाटतंय की तुमची आवड अजून ठरलेली नाही. माझं म्हणणं उलट आहे. आवड ठरलेली आहे, ती त्या पाच कुर्त्यांत आहे. फक्त ती तुम्ही कधी टेप लावून मोजलेली नाही. उरलेल्या पस्तीसांत प्रत्येकीत एखादी बारीकशी खोट असणार. एकीचा मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल, काखेत काचतो, एकीचा गळा खांद्यावरून घसरतो, एकीखाली घालायला धड पॅन्ट नाही, एकीला इस्त्रीशिवाय तोंड दाखवता येत नाही. हे तुमच्या अंगाला ठाऊक आहे, म्हणून हात तिकडे जातो आणि परत येतो. वीस मिनिटं जातात ती यात. तेव्हा काही देऊन टाकण्याआधी एक रविवार मोजमापाला द्या.

पाचही कुर्त्या धुऊन इस्त्री केलेल्या घ्या. बटणं लावून फरशीवर सपाट पसरा, हाताने सुरकुत्या सारा, कापड ताणू नका. वहीत प्रत्येकीची ही मापं लिहा. छाती: काखेच्या शिलाईखाली एक इंचावर, या बाजूच्या शिलाईपासून त्या बाजूच्या शिलाईपर्यंत, दुप्पट करून. शोल्डर: एका बाहीच्या जोडापासून दुसऱ्या बाहीच्या जोडापर्यंत, पाठीकडून. मुंढा: खांद्याच्या टोकापासून काखेच्या शिलाईपर्यंत सरळ रेषेत. दंड: बाहीवर काखेखाली एक इंचावर, दुप्पट. सीट (नितंबांपाशी घेर): खांदा गळ्याला मिळतो तिथून २१ इंच खाली, दुप्पट. साइड कट (बाजूची चीर) कुठून सुटतो तेही त्याच बिंदूपासून मोजा. मग पूर्ण उंची, बाहीची लांबी, गळ्याची खोली आणि रुंदी. शेवटी कापड कोणतं, अस्तर आहे का आणि खिसा आहे का, हे लिहा. खिसा विसरू नका. आवडत्या कुर्तीला खिसा आणि पडून राहिलेलीला नाही, हे फार वेळा निघतं.

पडून राहिलेल्यांपैकी पाचेक कुर्त्यांचीही अशीच मापं घ्या. नंतर स्वतःची छाती, दंड आणि सीट मोजा. सीट दोनदा मोजा, उभं राहून आणि खुर्चीवर बसून. बसल्यावर दीड-दोन इंचांचा फरक सहज पडतो. दिवसाचे आठ तास खुर्चीवर आणि वर स्कूटरवर काढणाऱ्या बाईसाठी बसलेलं मापच खरं.

आता वहीतले आकडे शेजारी शेजारी ठेवा. समजा तुमची छाती ३६ आहे. आवडत्या पाच कुर्त्या ३९ ते ४० च्या निघतील आणि पडून राहिलेल्यांपैकी बऱ्याच ३८ च्या. न ताणणाऱ्या सुती कापडाला अंगापेक्षा ३ ते ४ इंच लूझिंग, म्हणजे मोकळीक लागते. २ इंच लूझिंगची कुर्ती ट्रायल रूममध्ये ताठ उभं राहून छान बसते. हँडल धरायला हात पुढे गेले की पाठ रुंदावते आणि तीच कुर्ती दोन खांद्यांच्या मध्ये ओढायला लागते. म्हणून विकत घेताना आरशासमोर उभं राहणं पुरेसं नाही. स्टुलावर बसा, दोन्ही हात छातीच्या उंचीवर पुढे करा, मग एक हात डोक्यावर न्या. पाठीत ओढलं किंवा साइड कटच्या टोकाशी कापड फाकलं, तर ती कुर्ती परत ठेवा, रंग कितीही आवडला तरी.

मुंढ्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त कपडे इथेच बिघडतात. काखेत काचलं की बायका सांगतात, ‘मुंढा मोठा करून द्या.’ शिंपीही निमूट अर्धा-पाऊण इंच खाली कापून देतो. काचणं थांबतं, पण हात वर केला की आता अख्खी कुर्तीच वर येते. कारण साधं आहे. बाही अंगाला काखेपाशी जोडलेली असते. तो जोड जितका खाली, तितकं हात उचलताना बाजूचं कापड बाहीबरोबर वर खेचलं जातं. मुंढा काखेच्या जवळ, म्हणजे काखेखाली साधारण एक इंच सोडून असेल, तर हात मोकळा फिरतो. काचण्याचं खरं कारण बहुतेक वेळा मुंढा नसतो, दंड असतो. अंगाच्या दंडापेक्षा बाही निदान दोन इंच सैल हवी. बाहीच्या शिलाईत मार्जिन (आत सोडलेलं जादा कापड) असेल तर ती उसवून दंड आणि छातीची बाजू दोन्ही थोडी सोडायची. मार्जिन नसेल तर काखेखाली पतंगाच्या आकाराचा, दोन-अडीच इंच बाजूचा तुकडा घालता येतो. कापड त्याच कुर्तीच्या खालच्या दुमडीतून किंवा उंची कमी करून निघतं. हात खाली असताना तो तुकडा दिसतही नाही.

मग उरलेल्या पस्तीस कुर्त्या उलट्या करून आतून बघा. बाजूच्या शिलाईच्या पलीकडे किती कापड आहे? शिवून घेतलेल्या कपड्यात एक ते दीड इंच असतं. रेडिमेडमध्ये बहुधा अर्धा इंच आणि त्यावर ओव्हरलॉक, म्हणजे सोडायला जवळजवळ काहीच नाही. दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच सोडलं तर एकूण घेर एक इंचाने वाढतो, कारण प्रत्येक शिलाईत पुढचा आणि मागचा असे दोन पदर असतात. हा हिशेब लक्षात ठेवलात तर कोणती कुर्ती वाचेल हे टेलरकडे न जाताच कळेल.

वाचणाऱ्या कोणत्या? घट्ट असून मार्जिन असलेल्या. सैल असलेल्याही, पण एका बाजूला घेरातून दोन इंचांपर्यंतच आत घ्यायच्या, त्याहून जास्त घेतलं तर मुंढ्याची गोलाई बिघडते आणि काखेत चुण्या पडतात. लांब असलेल्या, कारण उंची कमी करणं सगळ्यात सोपं. गळा घसरणाऱ्या: खांद्याच्या शिलाईत गळ्याकडून पाव इंच आत घेतलं की गळा वर येतो, आणि आतून टिचबटणाची छोटी पट्टी लावली की घसरत नाही. गळ्याच्या आतल्या बाजूला जरीचा किंवा भरतकामाचा धागा टोचत असेल तर तिथे मलमलची पट्टी हाताने तुरपून घ्या. मानेमागचं लेबल कात्रीने कापू नका, उरलेलं टोक आणखी टोचतं; त्याची शिलाई उसवून काढा. खिसा बाजूच्या शिलाईत घालता येतो, पण साइड कट त्याच्या तोंडाखाली सुटत असेल तरच. नाहीतर खिसा कटमधून बाहेर लोंबतो.

न वाचणाऱ्या: शोल्डर अर्ध्या इंचापेक्षा जास्त उतरलेल्या आणि पुढे भरतकाम असलेल्या. शोल्डर कमी करायचं तर बाही काढून पुन्हा चढवावी लागते आणि तोवर पुढचा नमुना मुंढ्यात जातो. उंची कमी पडणाऱ्याही. खाली लेस लावून उंची वाढवता येते; मला ते फारसं रुचत नाही, कारण लेस बहुधा कुर्तीपेक्षा जाड असते आणि खालचा घेर ताठ उभा राहतो. अस्तर आटलेल्या कुर्त्या मात्र सहज टाकून देऊ नका. वरचं कापड खाली फुग्यासारखं लोंबतं आणि आतून कोणी ओढतंय असं वाटतं, तेव्हा अस्तर न भिजवता शिवलेलं असतं. खालची दुमड उसवून अस्तर वरच्या कापडापासून वेगळं सोडलं, दोन्हींना स्वतंत्र दुमड घातली, की काम झालं.

यावरून कापडाकडे येते. सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटू शकतं. ४४ इंची कुर्तीला ४ टक्के म्हणजे पावणेदोन इंच. म्हणून शिवायला देण्याआधी कापड आणि अस्तर दोन्ही साध्या पाण्यात रात्रभर भिजवा, न पिळता सावलीत वाळवा. पाण्यात मीठ टाकल्याने हल्लीचे रंग पक्के होत नाहीत. सुटणारा रंग दोन-तीन पाण्यांत जाऊ द्यायचा, एवढंच. बाजारात स्वस्त कुर्त्यांत रेयॉन जास्त असतं. ते मऊ, पडायला छान, पण ओलं असताना कमजोर. पिळलं की सुरकुतीत कायमचं ताणलं जातं, हँगरवर ओलं टांगलं की स्वतःच्या वजनाने लांबतं. रेयॉन दोरीवर दुमडून वाळवा. त्यातही खांद्यावर बॅगेचा पट्टा आणि खाली स्कूटरची सीट घासते तिथे त्याचे गोळे आधी येतात, त्यामुळे रोजच्या वापरात ते निम्म्याहून जास्त ठेवू नये. कापड चुरगळतं का, हे दुकानातच बघता येतं: कोपरा मुठीत दहा सेकंद घट्ट दाबून सोडा. घडी तशीच राहिली तर ती कुर्ती अंबडला पोचेपर्यंत मांडीवर तशीच दिसणार.

आता नाशिकची हवा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर असल्याने हिवाळ्यात सकाळी पारा दहाच्या आसपास किंवा खाली आणि दुपारी अठ्ठावीस, असा एकाच दिवसात दोन ऋतूंचा कारभार. द्वारका चौकावरून मुंबई नाक्याकडे जाताना सकाळी आठला जे लागतं ते जेवणाच्या सुट्टीत नको असतं. म्हणून गरम कुर्ती घेऊ नका. आत नेहमीची सुती कुर्ती, वर पुढून उघडणारं स्वेटर किंवा जॅकेट, आणि त्याचा दंड कुर्तीच्या बाहीपेक्षा दीड इंच सैल. फुग्याच्या किंवा घंटेच्या आकाराच्या बाह्या स्वेटरमध्येही कोंबल्या जातात आणि सनकोटमध्येही. वर्षातले सात-आठ महिने तुम्ही सनकोट आणि तोंडाला स्कार्फ बांधून जात असाल, तर तसल्या बाह्या ऑफिसच्या कपाटातून वेगळ्या काढा. उन्हाळ्यात कोरडी हवा असते, घाम वाळतो, तिथे पातळ सुती कापडाला तोड नाही. पावसाळ्यात उलट: सुती कुर्ती दोन-दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास येतो. त्या चार महिन्यांत कॉटन-पॉलिस्टर मिश्र कापड बरं. पायघोळ पलाझो तेव्हा बंद, पॅन्ट घोट्याच्या दोन इंच वरच संपलेली बरी. आपल्याकडच्या काळ्या मातीचा शिंतोडा उडाला तर ओला असताना चोळू नका. पूर्ण वाळू द्या, ब्रशने झटका, मग धुवा. आणि ओढणी बारा महिने डिक्कीत. पाठीमागे गाठ मारली तरी ती सुटून मागच्या चाकात जाऊ शकते.

किती कपडे पुरे, याचं उत्तर धुण्याच्या वेळापत्रकात आहे. समजा दर तीन दिवसांनी मशीन लावता, वाळायला एक दिवस, इस्त्रीवाल्याकडे दोन दिवस. म्हणजे कोणत्याही वेळी जास्तीत जास्त सहा कुर्त्या कपाटाबाहेर असतील. दोन हाताशी हव्यात. आठ झाल्या. पावसाळ्यात वाळायला तीन दिवस धरले तर दहा. मुलांचे कपडे, घरच्यांचे युनिफॉर्म यांमुळे मशीन आठवड्यातून एकदाच लागत असेल तर बारा ते चौदा लागतील. चाळीस कुठेच लागत नाहीत, पण पाचही कमीच आहेत, म्हणून तुम्हाला त्या न आवडणाऱ्या पस्तीसांत शोधाशोध करावी लागते. आल्टर करून पाच-सहा मार्गी लागल्या तर नवीन खरेदीची गरज नाही.

याच्या जोडीला खालचे कपडे. रोजची निवड बायका कुर्तीपासून सुरू करतात आणि मग खाली जुळणारं शोधतात. उलट करा, आधी खालचं ठरवा. कारण ते मोजके असतात, दोनदा घालता येतात, आणि आज कोणतं घालायचं हे गाडी, पाऊस आणि चप्पल यांवरून जवळपास ठरलेलं असतं. काळी, क्रीम, नेव्ही आणि मरून किंवा मेंदी अशा चार-पाच पॅन्ट पुरतात. प्रत्येक कुर्ती यातल्या निदान दोघींवर चालली पाहिजे; एकीवरच चालत असेल तर ती पॅन्ट धुण्यात गेली की कुर्तीही बसून. नेफ्यात पुढे सपाट पट्टी आणि मागेच इलॅस्टिक असलेली पॅन्ट बसायला सगळ्यात सोयीची. इलॅस्टिक पूर्ण गोल असेल तर कमरेच्या मापापेक्षा दोन ते तीन इंच कमी कापायचं. त्याहून घट्ट केलं तर संध्याकाळपर्यंत वळ उठतात. महिन्यातल्या काही दिवसांत पोट इंचभर फुगतं, तेव्हासाठी एक नाडीची सलवार वेगळी ठेवा.

निवड रात्री करा, आणि निवड म्हणजे पूर्ण जोड: पॅन्ट, कुर्ती, आतले कपडे, ओढणी लागत असेल तर ती, सगळं एका हँगरवर. रविवारी असे तीन जोड लावून ठेवले तर बुधवारपर्यंत सकाळी विचार नाही. सहाच्या सहा लावू नका. हवा, मूड, अचानक आलेली मीटिंग यांनी गुरुवारनंतरचं सगळं मोडतं. घालायला काढलेला कपडा नको वाटून परत ठेवलात तर त्याच हँगरला चिठ्ठी अडकवा: ‘काख’, ‘पारदर्शक’, ‘बटण’, ‘इस्त्री’. एकाच कपड्याला तीच चिठ्ठी दुसऱ्यांदा लागली की तो टेलरकडे तरी जाईल किंवा घराबाहेर. पुन्हा घडी करून कपाटात नाही.

‘मोजकेच कपडे’ ही कल्पना जशीच्या तशी आपल्याकडे बसत नाही. आपल्या वर्षात हळदीकुंकू, वास्तुशांत, साखरपुडा, गणपती आणि संक्रांतीचा काळा असं बरंच येतं, आणि त्यासाठीचे कपडे वर्षातून दोनदाच निघाले म्हणून ते निरुपयोगी होत नाहीत. ते वेगळ्या कप्प्यात ठेवा, रोजच्या मोजणीत धरू नका. नवरात्रातल्या नऊ रंगांसाठी म्हणून घेतलेल्या कुर्त्या मात्र तपासा. करडी, मोरपंखी, केशरी अशा एका दिवसासाठी घेतलेल्या कुर्त्याच पुढे वर्षभर अडगळ होतात. तो हौसेचा भाग ओढणी किंवा स्टोलवर भागवा, नऊ ओढण्या एका खणात मावतात. घरी कोणाची काही अपेक्षा असेल, ओढणी हवीच किंवा बाही कोपरापर्यंत हवी, तर ते मापाच्या वहीतच लिहा, म्हणजे दुकानात ते आठवेल.

मुंबईच्या दिवसाचं थोडक्यात. पंचवटी एक्सप्रेस पकडायला सकाळी नाशिकरोडला थंडी, आणि उतरल्यावर दमट उकाडा. कपडा मुंबईचा घाला, नाशिकचा हातात घ्या: आत पातळ, फिक्या किंवा छापील रंगाची कुर्ती, कारण घामाचा डाग एकरंगी मध्यम निळ्या-राखाडीवर सगळ्यात जास्त दिसतो, वर घडी होऊन बॅगेत जाणारी शाल किंवा जॅकेट. गाडीत बसायचं म्हणून लिनन नको, चुरगळून उतराल.

साड्यांचा अडसर साडीत नसतो, ब्लाउजमध्ये असतो. सगळे ब्लाउज एका दिवशी घालून बघा, हुकं लागतात का तेवढंच. बाजूंना मार्जिन असेल तर एक-दीड इंचापर्यंत घेर वाढवून मिळतो. नसेल तर काळा, सोनेरी आणि लाल असे तीन साधे ब्लाउज नवीन मापाने शिवून घ्या, निम्म्याहून अधिक साड्या त्यावर निघतील. येवल्याची पैठणी असेल तर हँगरवर टांगू नका, जरीच्या पदराचं वजन रेशमाला ओढतं. जुन्या धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर जरीचा धागा त्याच रेषेवर तुटतो. डांबरगोळ्या साडीला लागू देऊ नका, कापडात बांधून कोपऱ्यात ठेवा.

मापं काढलीत की आवडत्या पाच आणि नावडत्या पाच अशा दहा कुर्त्यांचे आकडे इथे लिहा. दंड, छाती, सीट आणि साइड कट एवढी चार मापं असली तरी कोणती सोडवता येईल ते सांगता येईल.